स्पायका प्लास्टरमधली साडेतीन वर्षांची मुलगी : एका घरातले सहा आठवडे

मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १३ किलो. घर इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गल्लीत. दोन खोल्या आणि वर पत्र्याखाली माळा. जूनच्या अखेरीस, पाऊस लागलेला असताना, माळ्याच्या लोखंडी शिडीवरून पाय सटकून ती खाली फरशीवर पडली. डाव्या मांडीचं हाड मधोमध पिळवटून मोडलं. कातडी फाटली नव्हती. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात दुसऱ्या दिवशी भूल देऊन हाड ओळीत आणलं आणि स्पायका प्लास्टर घातलं. म्हणजे बरगड्यांच्या खालून सुरू होऊन डावा पाय बोटांपर्यंत आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, दोन्ही पाय फाकलेले, मध्ये आधाराला दांडा, पोटावर एक खिडकी आणि शी-शूसाठी खाली मोकळी जागा. मुदत सहा आठवडे. प्लास्टरनंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. त्याआधी बरीच वर्षं लहान मुलांच्या अस्थिरोग वॉर्डात होते. खरं सांगायचं तर प्लास्टर असेपर्यंत अशा मुलाला फिजिओथेरपिस्टची गरज नसते. मला फोन आला तो मुलीच्या आईचा, आणि तक्रार एवढीच होती की प्लास्टरला वास येतोय. हे प्रकरण लिहून ठेवते आहे ते हाडासाठी नाही. हाड व्यवस्थित जुळलं. सहा आठवडे खरी झुंज चालली ती प्लास्टरच्या कडेशी, आणि त्या कडेची राखण ज्या बाईच्या हातात होती तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. (घराची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

ऑपरेशन का नाही?

हा प्रश्न मला पहिल्याच भेटीत मुलीच्या काकाने विचारला. त्याच्या ओळखीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीत सळ्या घालून त्याला आठवड्यात उभं केलं होतं. मग आपल्याच पोरीला दीड महिना दगडात का घातलं? पैसे वाचवायला तर नाही ना?

उत्तर वयात आहे. मांडीचं हाड मोडलेलं मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पट्ट्यांचा पॅव्हलिक हार्नेस पुरतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, हाड फार आखूड झालेलं नसेल तर, स्पायका हाच रूढ उपचार आहे. पाच ते अकराच्या दरम्यान लवचिक टायटॅनियमच्या सळ्या घालतात. ही पद्धत फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या सर्जनांनी रुळवली. म्हणजे काकाने पाहिलेलं आणि इथे झालेलं, दोन्ही बरोबर. लहान मुलाच्या हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, दोन-तीन आठवड्यांतच नव्या हाडाचा ढग एक्स-रेत दिसू लागतो. अशा हाडाला सळीची गरज नसते, त्याला जागेवर धरून ठेवलं की झालं.

आईच्या मनात मात्र वेगळीच सल होती. रुग्णालयात तिला आणि नवऱ्याला वेगवेगळं बसवून विचारलं गेलं: मूल कसं पडलं, घरात कोण होतं, किती वाजता, लगेच का नाही आणलं. ‘आमी मारलं आसंल आसं वाटलं त्यास्नी,’ ती म्हणाली, आणि डोळे भरून आले. मांडीचं हाड लहान मुलात सहजासहजी मोडत नाही, म्हणून हे प्रश्न विचारावेच लागतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलात तर न विचारणं ही हयगय ठरते. पण ते ‘सगळ्यांनाच विचारतो’ असं एक वाक्य आधी बोलून विचारता येतात. त्या एका वाक्याला वेळ लागत नाही.

वास कुठून येत होता

मी गेले तेव्हा मुलगी जमिनीवरच्या गादीवर उताणी होती. खोलीत ओल होती, दोरीवर न वाळलेले कपडे, शेजारच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. प्लास्टर ऑफ पॅरिसचं स्पायका आतपर्यंत वाळायला एरवीही दोन-तीन दिवस घेतं. पावसाळ्यात त्याहून जास्त. आजीने थंडी लागू नये म्हणून वरून गोधडी घातलेली. गोधडी काढली आणि पाठीमागची कड चाचपली, तर दोन बोटं रुंदीचा पट्टा ओला आणि मऊ. आतला कापूस लघवीने भिजून वर चढला होता.

मुलीला कापडी लंगोट बांधला होता, प्लास्टरच्या वरून. मऊ जुन्या धोतराचा, स्वच्छ धुतलेला. पण कापड लघवी धरून ठेवत नाही, पुढे ढकलतं, आणि पुढे प्लास्टरच्या आतला कापूस तयारच असतो. आजींना विचारलं, डायपर का नाही?

‘त्या कागदाच्या पिशवीनं पुळ्या उठत्यात ताई. दोन पोरं लंगोटावर वाढवली मी.’

चुकीचं काही नव्हतं त्यात. प्लास्टर नसतं तर मीही लंगोटच म्हटलं असतं. शिवाय डायपरला स्वतः मुलगीही तयार नव्हती. पडण्यापूर्वी कितीतरी महिने ती शी-शू सांगत होती. डायपर दाखवल्यावर ती ओरडली, ‘मी बाळ न्हाई!’ हा अपमान मोठ्यांना किरकोळ वाटतो. तिच्यासाठी पाय मोडण्यापेक्षा तो मोठा होता.

मग रुग्णालयाने काय सांगितलं होतं? कागद निघाला, वडिलांच्या दुचाकीच्या डिकीतून, घडी घातलेला. इंग्रजीत छापलेलं एक पान. त्यात सगळं होतं: कड कोरडी ठेवा, दोन डायपर वापरा, दर दोन तासांनी कूस बदला, बोटं तपासा. वडिलांना ते बिलाच्या खिडकीपाशी वाचून दाखवलं होतं आणि त्यांची सही घेतली होती. वडील त्या आठवड्यात रात्रपाळीला होते, बारा तास. घरी आले की झोपायचे. आई कापडाच्या मेंडिंगला, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष दुरुस्त करायच्या कामाला जाते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मोबदला कामावर. खाडा झाला की पैसे नाहीत. म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास मूल ज्यांच्या हाती, त्या आजी. त्या रुग्णालयात गेल्याच नव्हत्या, घरी थोरल्या नातवापाशी थांबल्या होत्या. आणि त्यांना वाचता येत नाही. इंग्रजी काय, मराठीही नाही.

माझ्या मते या प्रकरणातला खरा बिघाड तो होता. डिस्चार्जच्या सूचना सही करणाऱ्याला दिल्या जातात. सही बहुधा बाप करतो. लंगोट बापाने बदललेला मी क्वचितच पाहिला आहे.

कड

ओला पट्टा घरी वाळवून भागणार नव्हतं. कड मऊ झाली की ती दुमडते, दुमडली की कातडीत रुतते, आणि आत ओला कापूस असेल तर कातडी पांढरी पडून सोलवटते. रुग्णालयाला फोन केला. पहिल्या आठवड्याच्या एक्स-रेला तशीही जायची वेळ आली होती. तिथे त्यांनी मागची ओली कड कापून काढली, नवा कापूस घालून वरून पट्टी मारली.

मग आम्ही कडेला वॉटरप्रूफ टेप लावली. ही टेप सलग लावली तर सुरकुत्या पडतात. म्हणून तिचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे, एका टोकाला गोल कापायचे, अर्धा तुकडा प्लास्टरच्या आत आणि अर्धा बाहेर असा एकावर एक पाकळ्यांसारखा लावत जायचा. आजींनी दोनच पाकळ्या बघितल्या आणि बाकीच्या माझ्या हातातून काढून घेतल्या. जन्मभर सुतात काम केलेली बाई. त्यांची कड माझ्यापेक्षा साफ आली.

डायपरचं गणित असं बसवलं. आत एक छोटा, तिच्या मापापेक्षा दोन मापं लहान, त्याचे कानाचे पट्टे कापून टाकलेले. तो पुढून-मागून प्लास्टरच्या आत खोचायचा, चिकटवायचा नाही. त्यावर, प्लास्टरच्या बाहेरून, मोठा डायपर. त्याचं काम फक्त आतल्याला जागेवर दाबून धरायचं. बदलायचा आतला. दिवसा दर दोन तासांनी बघायचा, रात्री तीन-साडेतीन तासांनी, मोबाईलला गजर. मोठा डायपर कोरडा असेल तर तो दिवसभर चालतो, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहिला.

दुसरी गोष्ट उताराची. लघवी उताराकडे जाते. मूल सपाट निजलं असेल तर ती पाठीकडे जाते, म्हणजे थेट प्लास्टरच्या आत. म्हणून डोक्याकडची बाजू जरा उंच हवी. इथे सगळेच एक गफलत करतात: नुसत्या डोक्याखाली-खांद्याखाली उशा रचतात. त्याने छाती प्लास्टरच्या वरच्या कडेवर दाबली जाते, मूल कण्हतं, जेवत नाही. उतार पूर्ण अंगाला द्यायचा. गादीखाली डोक्याच्या बाजूने गोधड्यांची घडी घातली, काम झालं.

शीसाठी मुलीशी तह झाला. डायपर ‘झोपेतला’, आणि जागेपणी ती सांगेल तेव्हा टब. मागच्या कडेत प्लास्टिकचा कागद खोचायचा, त्याचं दुसरं टोक उथळ टबात सोडायचं, आणि आजीच्या मांडीवर रेलवून तिला धरायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिने भावाला हाक मारून दाखवलं. भाऊ सात वर्षांचा. तो नाक दाबून पळाला, आणि ती पडल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली, असं आई म्हणाली.

कूस

पुस्तकात लिहिलेलं असतं: दोन माणसांनी, कमरेएवढ्या उंचीच्या पलंगावर, मुलाला एकसंध ओंडक्यासारखं वळवावं. या घरात दुपारी दुसरं माणूस नाही आणि तेवढा पलंगही नाही. आजींचे गुडघे दुखरे. पहिले दिवस त्या मुलीला पायांमधल्या दांड्याला धरून उचलत होत्या, कारण धरायला तीच जागा सोयीची दिसते. तो दांडा पायांमधलं अंतर राखायला असतो, उचलायला नाही. त्याच्यावर भार आला की प्लास्टर कंबरेपाशी तडकतं.

मी करून दाखवायचं टाळलं. त्यांनाच करायला लावलं आणि बघत राहिले. दोन-चार प्रयत्नांत त्यांनी स्वतःची रीत काढली: गादीशेजारी पाटावर बसायचं, मुलीचे दोन्ही हात वर घ्यायचे, एक हात तिच्या खांद्याखाली आणि एक प्लास्टरच्या कुल्ल्याखाली सरकवून तिला आपल्याकडे ओढत मांडीवर घ्यायचं, आणि मांडीवरून पालथं सोडायचं. उचलणं असं नाहीच. जमिनीवर असल्याने पडण्याची भीती नाही. हे कुठल्याही पुस्तकात मी पाहिलेलं नाही आणि त्या घरासाठी पुस्तकातल्यापेक्षा ते बरं होतं.

पालथं घालायचं हे आईला पटत नव्हतं. श्वास कोंडेल असं वाटायचं. पण उताणं राहून माकडहाड आणि टाच या दोन जागा सर्वांत आधी लाल होतात. टाचेचा भाग प्लास्टरच्या आत, दिसत नाही. म्हणून उताणं असताना पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवायची, आणि जागेपणी दिवसातून तीन-चार वेळा पालथं. पालथं असताना छातीखाली उशी, हात मोकळे, पुढ्यात खेळणं. आजींना घड्याळ कळतं पण ‘दर दोन तासांनी’ ध्यानात राहत नाही. तेव्हा कूस बांधली ती चहा, जेवण, पाणी येण्याची वेळ आणि संध्याकाळच्या मालिकांना. मालिका संपली की पोर वळवायची. एकदाही चुकलं नाही.

वडिलांचा हातभार आला तो इथे. त्यांनी शेडमधून टाकाऊ सूत आणलं, अर्ध्या पोत्यात सैल भरलं आणि वर जुनी चादर शिवून घेतली. त्यात मुलीला अर्धवट बसवता येतं, प्लास्टरचा आकार सूत आपोआप घेतं. पुढे त्यांनी फळीला चार चाकं ठोकली. तिच्यावर पालथी पडून, हातांनी फरशी ढकलत, ती दोन खोल्यांत हिंडू लागली. उंबऱ्यावर आडवी फळी लावली होती तेवढीच काय ती अट. त्यानंतर तिची चिडचिड आणि वस्तू फेकणं निम्म्यावर आलं. लहान मुलाला दुखण्यापेक्षा एका जागी पडून राहणं सोसत नाही.

बोटं, आणि नखांवरचा रंग

पहिले तीन-चार दिवस मांडीचे स्नायू झोपेत झटके देतात. मूल किंचाळून उठतं आणि घरच्यांना वाटतं हाड पुन्हा हललं. डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेलं पॅरासिटामॉल वेळेवर दिलं तर हा काळ निभतो. ‘रडली तर द्या’ असं समजून लोक देतच नाहीत.

खरी भीती वेगळ्या दुखण्याची. औषध देऊनही न थांबणारं, वाढत जाणारं, बोटं हलवली तरी असह्य होणारं. बोटं सुजलेली, गार, निळसर किंवा पांढरी. असं असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, कारण आतल्या आत दाब वाढून स्नायू मरायला काही तास पुरतात. तपासणी सोपी आहे: पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचं, पांढरं होतं, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवं. मग बोटं हलवायला सांगायची, तळव्याला गुदगुली करायची.

मी आजींना हे शिकवायला बसले आणि बघते तर दहाही नखं लालचुटूक. आत्या येऊन गेली होती, भाचीचं मन रमावं म्हणून नेलपॉलिश लावून गेली. डाव्या पायाचा रंग काढला, उजव्या पायाचा ठेवला. मुलीला हा अन्याय वाटला आणि तो तिने बरेच दिवस मला ऐकवला.

याच्याच जोडीला ताप, प्लास्टरच्या एकाच जागी येणारा कुजका वास किंवा बाहेर उमटणारा डाग, आणि पोट टम्म फुगून वारंवार उलटी, ही कारणंही लगेच निघण्याची. शेवटचं कुणी सांगत नाही. कमरेभोवतीच्या घट्ट प्लास्टरने क्वचित आतड्याचा सुरुवातीचा भाग दाबला जातो. घरचे मात्र ‘अपचन’ म्हणून ओवा देत बसतात.

भडंग, पाया आणि हाडवैद्य

खाज तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. भावाने खराट्याची हिर दिली, मुलीने ती पोटाच्या खिडकीतून आत घातली. आत ओरखडा पडला तर तो दिसत नाही, धुता येत नाही, आणि दमट कापसात पिकतो. हिर जप्त केली. खाजेवर उपाय दोनच: टेबलफॅनचा वारा कडेतून आत जाऊ द्यायचा आणि प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारायच्या. पावडर, तेल, काहीही आत नाही. पावडरीचे ओलीत गोळे होतात.

आणखी एक शोध त्याच सुमारास लागला. मुलगी उताणी पडून भडंग खात होती. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या घरात भडंग नाही असं होत नाही, आणि भडंगाला प्लास्टरची पोटाची खिडकी नेमकी सापडते. आतून चुरमुरे निघालेच, मागोमाग मुंग्यांची रांगही आली. तेव्हापासून जेवताना छातीपासून मांडीपर्यंत मोठा टॉवेल, खिडकीत मऊ फडकं, आणि भडंग पालथं असतानाच.

खाण्याबद्दल आजींचे विचार पक्के होते. हाड जुळायला दूध, डिंक आणि पायाचं सूप. दूध दिवसाला चार-पाच पेले चाललं होतं. परिणाम असा की पोट गच्च, शी तीन-तीन दिवस नाही, आणि जेवणाला तोंड वाकडं. या वयाला दिवसाला कॅल्शियम साधारण ५०० ते ५५० मिलिग्रॅम लागतं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात १२० च्या आसपास असतं. म्हणजे दोन मोठे पेले दुधातच बहुतेक भागतं, वरचं दूध नुसतं जागा अडवतं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असल्याने आंबील सुरू ठेवायला सांगितलं. पायाच्या सुपात कॅल्शियम नगण्य असतं, हे मी आजींना सांगितलं नाही. त्याने नुकसान काही नव्हतं, मुलगी आवडीने प्यायची, आणि आजींचा एक तरी उपाय शाबूत राहायला हवा होता. दूध दोन पेल्यांवर आणलं, पपई-केळं, पालेभाजी आणि पाणी वाढवलं, जेवण थोडं-थोडं पाच वेळा केलं. प्लास्टरमध्ये पोट फुगायला जागा नसते, एकदम भरपेट वाढलं की मूल कासावीस होतं.

हाडवैद्याचा विषय निघणारच होता. धाकटा दीर एकाला भेटूनही आला होता: प्लास्टर काढा, पाला बांधतो, तीन आठवड्यांत चालवतो. आजी दोन्हीकडे झुकत होत्या. ‘आमच्या मामांचा हात त्येनीच बसवला हुता.’ बसलाही असेल. हात-पाय मुरगळला की आपोआपही बसतो. पण बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत, आणि आपल्याकडच्या कुठल्याही अस्थिरोग विभागाला ती नवी नाहीत. मी एवढंच विचारलं, पाला बांधल्यावर बोटं निळी पडली तर ते रात्री दार उघडतील का? सून पटकन म्हणाली, ‘आत्ती, एक्स-रे बघूया मग ठरवूया.’ तिसऱ्या आठवड्याच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती ढगाळ गोळा दिसला, वडिलांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आणि विषय संपला. आजींना तेल चोळायचंच होतं. दोन्ही दंड, मान आणि खांदे त्यांना देऊन टाकले.

एक्स-रेच्या फेऱ्या हा वेगळाच व्याप. कोल्हापूर तीसेक किलोमीटर. फाकलेले पाय रिक्षाच्या दारातून जात नाहीत, एसटीत बसवता येत नाही, आणि दुचाकीवर ‘दोघांच्या मध्ये धरून’ नेण्याची कल्पना मी ऐकताक्षणी मोडून काढली. शेजाऱ्याची व्हॅन मिळाली. मागची सीट पूर्ण, मुलगी आडवी, सुताचं पोतं बाजूला, आणि आई सोबत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले एक्स-रे चुकवायचे नसतात, कारण हाड सरकायचं असेल तर तेव्हाच सरकतं आणि प्लास्टर बदलून ते सुधारता येतं. नंतर सरकत नाही आणि सुधारताही येत नाही.

प्लास्टर निघाल्यावर

सहाव्या आठवड्याला प्लास्टर काढलं. त्याआधी मुलीला सांगून ठेवलं होतं की यंत्र मोठ्याने ओरडतं, गरम लागतं, पण त्याचं पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कडक वस्तू कापतं आणि कातडी नाही. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला आवाजाचं काहीच वाटलं नाही. ती रडली ती पाय बघून. डावा पाय बारीक, केसाळ, खपल्यांचा.

माकडहाडाशी, जिथे पहिल्या आठवड्यात कड ओली झाली होती, तिथे रुपयाएवढा सोलवटलेला भाग होता. तो आठ-दहा दिवसांत भरला. टाच लालसर, पण अखंड. खपल्या घासून काढायच्या नाहीत. कोमट पाण्यात भिजवायच्या, तेल लावायचं, आपोआप सुटतात.

घरच्यांना आता वाटलं, उठेल आणि चालेल. ती उठेना. डावा गुडघा वाकवेना, उभं धरलं तर पाय उचलून घेई. आजी गुडघा दाबून वाकवायच्या तयारीत होत्या. तेवढं मी निग्रहाने थांबवलं. ताठरलेला गुडघा जबरदस्तीने वाकवला तर मूल पुढे कुणालाच हात लावू देत नाही, आणि या वयात त्याची गरजही नसते. टबात कोमट पाणी, त्यात खेळणी, आणि खेळणी हळूहळू लांब. पाय आपणहून हलू लागला. मग रांगणं. मग दिवाणाला धरून उभं राहणं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भिंतीला धरून चालली, आणि भावाने तिची फळी पळवली तेव्हा भिंत सोडून.

लंगडणं मात्र राहिलं, आणि डावं पाऊल बाहेर वळवून टाकणंही. नातेवाइकांनी निदान केलं: पाय आखूड जोडलाय. ते अर्धं खरं आहे. प्लास्टर घालताना हाडाची टोकं साधारण एक सेंटीमीटर एकमेकांवर ठेवली होती, आणि ती जाणूनबुजून. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत मांडीचं हाड जुळताना रक्तपुरवठा वाढतो, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ते हाड दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्त वाढतं. टोकाला टोक तंतोतंत जुळवलं असतं तर पाय उलट लांब झाला असता. थोडा वाकही वाढीबरोबर सरळ होतो. पीळ मात्र फारसा सुटत नाही, म्हणून बाहेर वळणाऱ्या पावलावर मी लक्ष ठेवून होते. उताणं निजवून दोन्ही मांड्या आत-बाहेर फिरवून पाहिल्या, दोन्हीकडे सारख्याच फिरतात. म्हणजे पाऊल वळतं ते कमजोरीने.

तिसऱ्या महिन्याअखेर ती पळते, थकली की लंगडते, जिना एका वेळी एकच पाय टाकून उतरते. मी तिला जिना चढायला आणि एका पायावर उभं राहायला देते, बाकी काम ती आणि भाऊ गल्लीत करतात. पायांची लांबी सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि दोन वर्षांनी मोजायची आहे. त्या तारखा आईच्या मोबाईलमध्ये आहेत. आजींनाही तोंडी सांगितल्या आहेत. त्यांनी महिने सणांवर बसवून लक्षात ठेवले. माळ्याच्या शिडीला वडिलांनी खालून दार बसवलं आहे, कडी बाहेरून, मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचावर.